अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या घरासाठी स्वयंपाकघर कसं पारखावं

घर बघायला गेलं की स्वयंपाकघरात नजर आधी ओट्याच्या दगडावर आणि कपाटांच्या रंगावर जाते. घरात कुणाला अन्नाची अ‍ॅलर्जी किंवा सीलिअ‍ॅक (गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार) असेल, तर मात्र वेगळ्याच गोष्टी बघाव्या लागतात. त्रास देणाऱ्या पदार्थाचा कण या घरात कुठून येईल, कुठे अडकून राहील आणि कोणत्या मार्गाने ताटात पोचेल? पीठ हवेत उडतं, चुरा खाली सांडतो, तेलकट हात कपाटाच्या मुठीला लागतो, वाफ वर चढून खोलीभर पसरते. ज्या घरात हे चार मार्ग तोडता येतात ते घर घ्यावं, मग ते लहान असलं आणि टाइल्स जुन्या असल्या तरी चालेल.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून ठेवा. ओटा बदलता येतो, सिंक बदलता येतं, कपाटंही बदलता येतात. पण स्वयंपाकघराला दार आहे की नाही, धूर बाहेर काढायला बाहेरची भिंत आहे की नाही, खाली कुणाची भट्टी चालते आणि भिंतीत ओल आहे का, या गोष्टी तुमच्या हातात नसतात. पारखण्याचा बहुतेक वेळ या न बदलणाऱ्या गोष्टींवर घालवा.

आधी गरज नेमकी ठरवा

‘अमुक पदार्थ सोसत नाही’ एवढ्यावर घर शोधू नका. त्रासाचा प्रकार बदलला की स्वयंपाकघराकडून लागणारी अपेक्षाही बदलते.

दुधातली लॅक्टोज साखर पचत नसेल, तर प्रश्न मात्रेचा असतो. भांड्याला लागलेल्या दुधाच्या थेंबाने बहुतेकांना काही होत नाही. त्यासाठी वेगळा ओटा किंवा मोठं स्वयंपाकघर शोधून जास्त पैसे घालवायची गरज नाही. फ्रिजमध्ये एक वेगळा कप्पा पुरतो. दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे. तिथे तोच थेंब धोक्याचा ठरू शकतो. ही दोन नावं सरसकट एकमेकांच्या जागी वापरली जातात, म्हणून डॉक्टरांकडून निदान स्पष्ट लिहून घ्या.

सीलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्यावर उलटते. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणायला कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, आणि दिवसभरात साधारण १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेक रुग्णांचं आतडं ठीक राहतं असं मानलं जातं. पावाच्या एका कापात सुमारे २ ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे त्या कापाचा दोनशेवा हिस्सा दिवसभराची मर्यादा गाठतो. टोस्टरच्या तळाशी साचलेला चुरा किंवा गाळणीच्या जाळीत अडकलेलं पीठ एवढ्याने काय होतं, असं वाटणाऱ्याला हा हिशेब आधी दाखवा. निदान अजून व्हायचं असेल, तर तपासणी होईपर्यंत ग्लूटेन खाणं स्वतःहून बंद करू नका. बंद केल्यावर रक्ततपासणी चुकीची ‘ठीक’ येऊ शकते.

शेंगदाणे, तीळ, अंडी, सुकामेवा यांच्या तीव्र अ‍ॅलर्जीत कण हाताने, भांड्याने आणि तेलाने फिरतो. मासे आणि कोळंबी-खेकड्यासारख्या जलचरांच्या बाबतीत शिजवतानाच्या वाफेतूनही प्रथिनं हवेत मिसळतात आणि काहींना नुसत्या वाफेने त्रास होतो. अशा घरात ओट्याच्या लांबीपेक्षा धूर-वाफ बाहेर जाण्याची सोय जास्त मोलाची.

अन्नात तयार होणारं हिस्टामिन हे रसायन सोसत नसेल तर प्रश्न कणाचा नसून थंडाव्याचा आहे. मासे, मांस आणि शिळं उरलेलं अन्न यांत जिवाणू हिस्टामिन तयार करतात, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन उकळून किंवा गोठवून जात नाही. म्हणून ते तयार होण्याआधीच अन्न गोठवावं लागतं आणि मोठा फ्रीझर ठेवायला जागा हवी. निकेल या धातूची संवेदनशीलता असेल तर नळ, भांडी आणि सिंक कशाचं आहे हे बघावं लागतं.

घरात एकापेक्षा जास्त माणसांना वेगवेगळे त्रास असतील, तर सगळ्यांत कडक गरज ज्याची, त्याच्या मापाने घर निवडा.

दार, भिंत, शेजार

दिवाणखान्याला जोडलेलं उघडं स्वयंपाकघर दिसायला छान असतं. घरात सगळेजण एकच सुरक्षित अन्न खाणार असतील तर त्याने काही बिघडत नाही. पण त्रास देणारा पदार्थही त्याच घरात शिजणार असेल, तर उघडं स्वयंपाकघर टाळा. कोरडं पीठ मळताना, चाळताना किंवा मिक्सरमध्ये फिरवताना उडणारी धूळ कित्येक तास हवेत राहून सोफ्यावर, खेळण्यांवर, दुसऱ्या ओट्यावर बसते. सरकतं का होईना, पण बंद होणारं दार हवं. छतापासून पाऊण मीटर सोडून लावलेली काच किंवा अर्धी भिंत याला दार म्हणू नका.

इथे आमचं ठाम मत सांगतो. सीलिअ‍ॅक असलेल्या घरात गव्हाचं, जवाचं किंवा राय या गव्हासारख्या धान्याचं कोरडं पीठ आणूच नका. बाकीच्यांना ते पदार्थ हवे असतील तर तयार आणा. तयार पदार्थाचा चुरा पुसता येतो, उडालेलं पीठ आवरता येत नाही. हा एक नियम पाळला तर अगदी लहान स्वयंपाकघरही चालून जातं. तो पाळणं शक्य नसेल, तर पिठाच्या कामासाठी वेगळी खोली किंवा बंद होणारी बाल्कनी असलेलं घर शोधा. एकाच खोलीत दोन मीटर अंतर ठेवलं की झालं, असं मानू नका.

मग बाहेर बघा. स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते? खाली किंवा समोर बेकरी, पिठाची गिरणी, मासे तळणारं हॉटेल असेल आणि त्याचा धूर बाहेर टाकणारा पंखा तुमच्या खिडकीच्या रेषेत असेल, तर उरलेलं सगळं चांगलं असूनही ते घर सोडून द्या. हे एका भेटीत कळत नाही. एकदा सकाळी, एकदा रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी जा आणि खिडकी उघडून दहा मिनिटं थांबा. वास आला म्हणजे प्रथिनं आलीच असं नाही. शेंगदाण्याचा नुसता वास घेऊन सहसा तीव्र त्रास होत नाही, कारण वासाचे रेणू वेगळे आणि प्रथिनं वेगळी. पण वास हवेचा रस्ता दाखवतो. पीठ आणि वाफही त्याच रस्त्याने येतात.

इमारतीत सगळ्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांना मिळून एकच उभी धूरनळी असते, तिथे आणखी एक तपासणी करा. खिडक्या-दारं बंद करून न्हाणीघरातला पंखा चालू करा आणि स्वयंपाकघरातल्या धूरनळीच्या तोंडाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. पट्टी आत खोलीकडे फडकली, तर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकाची हवा तुमच्याकडे ओढली जाते आहे. उलटा झोत अडवणारी झडप बसवून हा दोष बऱ्याच अंशी जातो, पण ती बसवायची परवानगी आहे का ते आधीच विचारा.

चिमणी: बाहेर टाकते की परत खोलीत सोडते?

शेगडीवर चिमणी दिसली की काम झालं असं वाटतं, आणि इथेच सगळ्यांत जास्त लोक फसतात. चिमण्या दोन प्रकारच्या. एक नळीवाटे हवा घराबाहेर टाकते. दुसरी जाळीतून आणि कोळशाच्या गाळणीतून हवा फिरवून तीच हवा खोलीत परत सोडते. दुसरीने तेलाचे थेंब आणि वास कमी होतो, पण वाफेतल्या प्रथिनांवर किंवा गॅसच्या ज्वलनातून निघणाऱ्या वायूंवर तिचा भरवसा धरता येत नाही. ओळखायला सोपं आहे: चिमणीच्या वरचं झाकण किंवा वरचं कपाट उघडायला सांगा. नळी भिंतीतून बाहेर जाताना दिसली पाहिजे. मग घराबाहेर जाऊन त्या नळीचं तोंड शोधा. काही वेळा नळी फक्त माळ्यापर्यंत किंवा खोट्या छताच्या पोकळीपर्यंतच नेलेली असते.

ताकदीचा हिशेब घरी बसून करता येतो. स्वयंपाकघराची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजून गुणा. येणाऱ्या आकड्याला १० ते १५ ने गुणलं की तासाला किती घनमीटर हवा बाहेर जायला हवी ते कळतं. खोली ३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच असेल तर २१ घनमीटर. म्हणजे तासाला २१० ते ३१५ घनमीटर. उघडं स्वयंपाकघर असेल तर दिवाणखानाही हिशेबात धरा, मग आकडा किती फुगतो ते बघा. चिमणीवर छापलेली क्षमता ही नळी न जोडता मोजलेली असू शकते. नळीतलं प्रत्येक काटकोनी वळण आणि नालीदार लवचिक नळीचा प्रत्येक मीटर ती क्षमता कमी करतो. १५० मिलिमीटर व्यासाची, आतून गुळगुळीत, एक-दोनच वळणांची नळी असेल तर चांगली.

चाचणी: चिमणी सगळ्यांत वेगात चालवा, टिश्यू पेपरचा एक पापुद्रा जाळीला लावा. तो चिकटून राहिला पाहिजे. मग तीच चाचणी स्वयंपाकघराची खिडकी आणि दार दोन्ही बंद करून करा. आता पापुद्रा गळून पडला, तर आत हवा यायला वाटच नाही. दाराखाली फट किंवा जाळी ठेवावी लागेल. त्याच खोलीत धुराडं जोडलेला गॅसचा गीझर असेल तर जास्त सावध राहा. जोरदार चिमणी गीझरचा विषारी धूर खोलीत उलटा ओढू शकते. अशी जोडी दिसली तर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय घर घेऊ नका.

चिमणीची रुंदी शेगडीएवढी तरी हवी. मागच्या बर्नरवरची वाफ ती पुढच्या बर्नरपेक्षा नीट ओढते, म्हणून मासे किंवा वाफ सोडणारं भांडं कायम मागे ठेवा.

छताचा पंखा मात्र स्वयंपाकघरात नकोच. तो पात्यांवर पीठ साठवतो आणि पुढचे कित्येक दिवस थोडं थोडं खाली पाडतो. घराला मध्यवर्ती वातानुकूलन असेल, तर हवा परत ओढणारी जाळी स्वयंपाकघरात नाही ना, हे बघा. तिथे असेल तर प्रत्येक खोलीत स्वयंपाकघराचीच हवा फिरते.

शेगडी गॅसची की इंडक्शनची, याचा अ‍ॅलर्जीशी थेट संबंध नाही, पण दम्याशी आहे. गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि त्याने श्वासनलिका चिडते. ज्याला अन्नाची तीव्र अ‍ॅलर्जी आणि ताब्यात नसलेला दमा दोन्ही आहे, त्याच्यासाठी अ‍ॅलर्जीचा झटका अधिक घातक ठरतो. अशा घरात निवड असेल तर इंडक्शन घ्या.

ओटा

ओट्याच्या एकूण लांबीपेक्षा तिचे तुकडे कसे पडले आहेत ते मोजा. सुरक्षित अन्नासाठी सलग ६० सेंटिमीटर मोकळी जागा ही अगदी किमान. ९० असेल तर दोन भांडी आणि चिरायचा पाट शेजारी ठेवून काम होतं. ही जागा कोपऱ्यात, जाण्या-येण्याच्या वाटेपासून दूर असावी. बाकीचे लोक पाणी प्यायला, डबा उघडायला, टोस्टर लावायला येतात, त्यांची वाट तिथून जाता कामा नये. घर बघताना घरातल्या माणसांच्या फेऱ्या मनात आखून पाहा: फ्रिज कुठे, पाणी कुठे, कचऱ्याचा डबा कुठे. सुरक्षित कोपरा या तिन्हींच्या मध्ये सापडत असेल तर तो सुरक्षित राहणार नाही.

पृष्ठभाग जितका बिनसांध्यांचा आणि न शोषणारा तितका बरा. कृत्रिम क्वार्ट्झ आणि स्टील चांगलं. ग्रॅनाइट चालतं, पण त्यावरचा लेप शाबूत हवा. ओट्यावर पाण्याचे दोन-चार थेंब टाका आणि १५ मिनिटांनी पुसा. दगडावर गडद डाग राहिला तर तो पाणी शोषतो, म्हणजे तेलही शोषतो. नवा लेप लावून घ्यावा लागेल. लॅमिनेटचा ओटा असेल तर सिंकच्या कडेने बोट फिरवा; फुगलेली, उकललेली कड म्हणजे चुरा अडकायची कायमची जागा. लाकडी ओटा मात्र नाकारा, किंवा बदलण्याचा खर्च धरूनच सौदा करा. टाइल्सचा ओटा असेल तर सांध्यांमधलं सिमेंटचं ग्राउट खरवडून तिथे न शोषणारं इपॉक्सी ग्राउट भरता येतं, तेवढं काम करवून घ्या.

ओट्याच्या कडेखालचा पहिला ड्रॉवर उघडा. ओटा पुसताना चुरा सगळ्यांत आधी यातच पडतो, आणि नेमके चमचे तिथेच ठेवलेले असतात. घर उत्तम असलं तरी ही सवय मोडावी लागते: सुरक्षित चमचे आणि भांडी वरच्या बंद कपाटात, आणि उघडा ड्रॉवर दुसऱ्या कामाला.

सिंक आणि पाणी

दोन खोलगट भागांचं, म्हणजे दोन भांड्यांचं सिंक असेल तर एक कायम सुरक्षित भांड्यांसाठी राखून ठेवता येतं. प्रत्येक भांडं ४० सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर मोठं पातेलं मावत नाही आणि धुताना पाणी शेजारच्या भांड्यात उडतं. अशा दोन अरुंद भांड्यांपेक्षा एक मोठं सिंक आणि त्यात ठेवायचं वेगळं प्लास्टिकचं टब परवडलं. नळाखाली मोठं पातेलं मावतं का ते प्रत्यक्ष धरून पाहा. सिंकच्या दोन्ही बाजूंना भांडी निथळायला जागा हवी. एकाच जाळीवर सगळी भांडी निथळत ठेवली की धुण्याचा अर्धा फायदा जातो.

हात धुवायला साबण आणि वाहतं पाणी स्वयंपाकघरातच हवं. शेंगदाण्याची प्रथिनं साबणाने किंवा ओल्या पुसणीने निघतात, नुसत्या पाण्याने किंवा अल्कोहोलच्या जेलने नीट निघत नाहीत. जंतू मारणं आणि प्रथिनं काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. ब्लीचने ग्लूटेन नाहीसं होतं, हाही असाच गैरसमज.

भांडी धुण्याचं यंत्र असेल तर त्याच्या तळाची गाळणी काढून बघा. ती स्वच्छ असेल आणि भांडी आधी खरवडून घातली, तर गुळगुळीत भांडी एकत्र धुतली तरी चालतं. जाळीच्या गाळण्या, खाचांची किसणी, लाकडी पळ्या आणि ओरखडे पडलेली नॉनस्टिक भांडी मात्र धुऊन भागत नाही. त्या दोन संचांत हव्यात, आणि त्या ठेवायला दोन जागाही.

निकेलचा त्रास असेल तर सकाळचं पहिलं पाणी अर्धा-एक मिनिट सोडून द्या, आणि स्वयंपाकासाठी गरम पाण्याच्या नळाचं पाणी घेऊ नका. रात्रभर नळात साचलेल्या पाण्यात धातू उतरतो. नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण ८ ते १० टक्के निकेल असतं. ४३० प्रतीच्या स्टीलमध्ये ते जवळपास नसतं. सिंकपेक्षा आंबट पदार्थ तासन्‌तास शिजणाऱ्या भांड्याकडे जास्त लक्ष द्या.

साठवण, ओल आणि थंडावा

सुरक्षित अन्न वर, त्रास देणारं खाली. चुरा आणि थेंब खालीच पडतात, म्हणून फ्रिज आणि कपाट दोन्हीत हाच क्रम. यासाठी निदान एक वरचं कपाट दार लागणारं आणि पूर्ण तुमचं हवं. उघड्या फळ्यांवर ठेवलेली भांडी वापरण्याआधी दर वेळी धुवावी लागतील.

ओल हा इथला दुर्लक्षित शत्रू. सिंकखालच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाच्या मागच्या फळीवर आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात टॉर्च मारून पाहा. काळपट ठिपके, फुगलेलं प्लायवूड, कुबट वास काही आहे का. उष्ण आणि दमट जागी उघड्या पिठात माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात. धुळीतल्या माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने असं पीठ खाल्लं की तीव्र झटका येऊ शकतो, आणि दोष पिठाला किंवा अंड्याला दिला जातो. शिजवल्याने हा धोका हमखास जात नाही. पीठ हवाबंद डब्यात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा. त्यासाठी फ्रिजमध्ये जागा आहे का हे आत्ताच मोजा. झुरळांची विष्ठा आणि अवशेषही दम्याला चिथावतात. बिजागऱ्यांच्या आसपास, फ्रिजच्या मोटरमागे आणि ड्रॉवरच्या मागच्या पोकळीत मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसले तर ती झुरळांची खूण.

फ्रिज ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड आणि फ्रीझर उणे १८ हवा. घरासोबत फ्रिज मिळणार असेल तर थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून रात्रभर आत ठेवू द्या अशी विनंती करा. दारावरचा आकडा नेहमी खरा नसतो. हिस्टामिनचा त्रास असेल तर शिजलेलं अन्न ५ सेंटिमीटरपेक्षा कमी थराने पसरट डब्यात भरून, लवकर थंड करून थेट फ्रीझरमध्ये जातं. म्हणजे फ्रीझर डब्यांच्या मापाचा हवा, आणि तो स्वयंपाकघरापासून दूर नको.

दोन टोस्टर, दुसरा फ्रिज, वेगळी शेगडी असं सगळं यायचं असेल तर विजेची जोडणी मोजा. ओट्यावर किती प्लग, त्यातले जड उपकरणांचे किती, आणि ते वेगवेगळ्या सर्किटवर आहेत का? घरमालकासमोर किटली आणि ओव्हन एकदम चालू करून पाहा. वीज तुटली तर पुढे रोज तुटेल, आणि रात्री फ्रीझर बंद पडला तर कळणारही नाही.

भाड्याचं किंवा वाटून घेतलेलं घर

सामायिक स्वयंपाकघरात तीव्र अ‍ॅलर्जी सांभाळणं इतरांच्या आठवणीवर अवलंबून राहतं. सोबती कितीही चांगले असले तरी थकलेल्या माणसाच्या हातून चुकीचा चमचा उचलला जातोच. शक्य असेल तर स्वतंत्र लहान घर घ्या. ते परवडत नसेल, तर खोलीत लहान फ्रिज आणि एक इंडक्शन शेगडी ठेवायची परवानगी लेखी मिळते का ते विचारा. खोलीत धूर बाहेर जायला खिडकी हवीच.

करार करण्याआधी हे विचारा: आधीच्या भाडेकरूंनी इथे काय शिजवलं? ओव्हन पंख्याचा आहे का? उपकरणं बदलता येतील का? टाइल्समधलं ग्राउट आणि सिंकच्या कडेचं सिलिकॉन नव्याने भरू देणार का? कीटकनाशक फवारणी कधी आणि कशाची होते? उत्तरं करारात लिहून घ्या, विशेषतः परवानग्या.

आणीबाणीचा रस्ता

अ‍ॅड्रेनलिनचं पेन (तीव्र झटक्यात लगेच टोचायचं तयार इंजेक्शन) वापरावं लागू शकतं अशा माणसासाठी घराची जागा हा स्वयंपाकघराचाच भाग समजा. आपत्कालीन सेवा असलेलं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, ते गर्दीच्या वेळी प्रत्यक्ष जाऊन मोजा. पहिल्या पेनाने सुधारणा झाली नाही तर ५ ते १५ मिनिटांनी दुसरं द्यावं लागतं, आणि बरं वाटल्यावर काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात. म्हणून रस्ता १५ मिनिटांपेक्षा लांब असेल तर किती पेनं घरी ठेवायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. झटका आलेल्या माणसाला उभं करायचं किंवा चालवायचं नसतं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर जातं का, जिना किती अरुंद आहे, रात्री फाटक कोण उघडतं, इमारतीचा क्रमांक रस्त्यावरून दिसतो का, हे त्यासाठी बघायचं. स्वयंपाकघरात उभं राहून मोबाइलचं नेटवर्कही तपासा.

पेन ठेवायला शेगडीपासून दूर, उन्हात न येणारी, २५ अंशांच्या आत राहणारी, कुलूप नसलेली जागा हवी. फ्रिज नाही, ओव्हनच्या वरचं कपाट नाही.

राहायला जाण्याआधीची सफाई

सामान यायच्या आधी दोन दिवस हातात ठेवा. क्रम चुकला तर तेच काम दोनदा करावं लागतं.

पहिल्या दिवशी कोरडं काम. झाडू नका, झाडल्याने पीठ परत उडतं. बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर असलेल्या व्हॅक्यूमने वरून खाली या: दिव्यांच्या वाट्या, पंख्याची पाती, कपाटांची छतं, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्यांचे रूळ, बिजागऱ्या, कपाटाच्या तळाची पट्टी काढून तिच्यामागची जागा, फ्रिज आणि शेगडी सरकवून त्यांच्याखालची जमीन. जुने कागद आणि शेल्फवरची आवरणं फेकून द्या.

दुसऱ्या दिवशी ओलं काम. साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, स्वच्छ पाण्याने पुसा, कोरडं करा. फडकी दर कपाटाला बदला. एकच फडकं सगळीकडे फिरवलं तर कण फक्त जागा बदलतो. फ्रिजच्या दाराच्या रबरी पट्टीच्या घड्या जुन्या टूथब्रशने घासा. चिमणीच्या जाळ्या डिटर्जंट घातलेल्या गरम पाण्यात भिजवा, कोळशाची गाळणी नवी घाला.

ओव्हन नेहमीच्या तापमानाला तासभर रिकामा तापवून ग्लूटेन जळत नाही. खरवडून, साबणाने धुऊनच काढावं लागतं. ज्या ओव्हनमध्ये ४५० अंशांच्या वर जाणारी स्वयंसफाईची सोय आहे, त्यात अवशेषांची राख होते; ती पुसून टाका, आणि जाळ्या आत ठेवायच्या की काढायच्या ते त्याच्या माहितीपुस्तकात बघा. पंख्याच्या ओव्हनमध्ये पंख्यामागचं झाकण उघडता येत नसेल, तर आत सुरक्षित अन्न कायम झाकूनच ठेवा. टोस्टर, पाव बनवायचं यंत्र आणि लाकडी पाट घरासोबत मिळाले असतील तर वापरू नका, कितीही नवे दिसले तरी.

शंका राहिली तर ग्लूटेन किंवा शेंगदाणा ओळखणाऱ्या घरगुती पट्ट्या मिळतात. ड्रॉवरचा कोपरा, ओट्याचा सांधा, फ्रिजची मूठ अशा चार-पाच अवघड जागांवरूनच पुसून घ्या. ओट्याच्या मधोमध घेतलेला नमुना काही सांगत नाही. पट्टी ‘नाही’ म्हणाली तर त्याचा अर्थ त्या तेवढ्या जागेवर नाही, एवढाच. खूण उमटली तर ती जागा साबणाने पुन्हा धुवा आणि नवी पट्टी लावा. दुसऱ्यांदाही उमटली, तर तो सांधा भरून घ्या किंवा तो भाग बदला, आणि तोवर सुरक्षित अन्न त्या जागेपासून लांब ठेवा.